संसदेला अधिकार कोणी दिले?



तुम्ही धम्मदीक्षा घेतली. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा तुम्ही शिकलात. घरातील मुलांना वंदना पाठ होऊ लागली असेल. आता आणखी एक पाठ सर्वांनी एकत्र बसून शिकायचा आहे. तो पाठ आपल्या देशाच्या संसदेचा आहे.

धम्माच्या पाक्षिकात संसदेचे काय काम, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. दीक्षा घेतल्यावर मुलाला जातीचा दाखला कोणत्या आधारावर मिळतो? गावात अत्याचार झाला तर फिर्याद कोणत्या कायद्याखाली नोंदवायची? बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचा कारभार कोणाच्या हाती असावा, हे कोण ठरवणार? हे सारे प्रश्न कायद्याचे आहेत. कायदा कोणाला करता येतो आणि कोणाला करता येत नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो न्याय मागण्यासाठी भलत्याच दारात उभा राहतो. आपल्या समाजाची पुष्कळ वर्षे अशी गेली आहेत. म्हणून हा पाठ नीट समजून घ्या.

अधिकार दिलेला असतो

जुन्या काळी राजा म्हणे, माझा अधिकार देवाने दिला. मनुस्मृती म्हणे, अधिकार जन्माने मिळतो. भारताच्या राज्यघटनेने या दोन्ही गोष्टी नाकारल्या. घटनेची उद्देशिका लोकांच्या नावाने सुरू होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लोकांच्या वतीने ती स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आली. संसद या घटनेतून जन्मली. घटनेने जेवढा अधिकार दिला तेवढाच तिला आहे.

नियमाने बांधलेली सभा ही कल्पना आपल्याला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, भिक्खुसंघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते. विनयपिटक पाहा. संघापुढे विषय आणायचा तर आधी ‘ञत्ति’ म्हणजे प्रस्ताव मांडावा लागे. महत्त्वाच्या कामात प्रस्तावानंतर तीन वेळा घोषणा होई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते मोजत. उपसंपदेसाठी मध्यदेशात दहा भिक्खूंची उपस्थिती लागे, सीमेवरील प्रदेशात पाचांची. ठरलेली संख्या नसेल तर ते कर्म ग्राह्य नसे.

आज संसदेतही विधेयकाची तीन वाचने होतात, मते मोजली जातात आणि सभागृहाच्या एक दशांश सभासदांची गणसंख्या लागते. संघ मोठा असला तरी विनयाने बांधलेला होता. संसदही मोठी आहे, पण घटनेने बांधलेली आहे.

तीन सूची

घटनेच्या ७९ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून संसद होते. लोकसभेत ५४३ निवडलेले सभासद बसतात. त्यांपैकी महाराष्ट्राचे ४८ आहेत.

संसदेने कोणत्या विषयावर कायदे करावेत आणि राज्याच्या विधिमंडळाने कोणत्या, याची वाटणी २४६ व्या कलमात व सातव्या परिशिष्टात केली आहे. तिथे तीन याद्या आहेत. त्यांना सूची म्हणतात.

पहिली संघसूची. संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन, नागरिकत्व, जनगणना हे विषय तिच्यात आहेत. त्यांवर कायदा फक्त संसद करते.

दुसरी राज्यसूची. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य, ग्रामपंचायत व नगरपालिका हे विषय तिच्यात येतात. हे राज्याच्या विधिमंडळाचे काम. गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी म्हणूनच मुख्यतः राज्य सरकारपुढे मांडावी लागते.

तिसरी समवर्ती सूची. फौजदारी कायदा, विवाह व वारसा, धार्मिक संस्था हे विषय तिच्यात आहेत. शिक्षण हा विषय पूर्वी राज्याकडे होता; १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तोही या सूचीत आला. या विषयांवर संसद व विधिमंडळ दोघेही कायदा करू शकतात. दोन कायद्यांत विरोध आला तर सामान्यतः संसदेचा कायदा टिकतो. कोणत्याच सूचीत नसलेला विषय निघाला तर तो संसदेकडे जातो.

मागणीचा अर्ज लिहिण्यापूर्वी एवढे पाहावे: आपला विषय कोणत्या सूचीत आहे?

अस्पृश्यतेला शिक्षा : फक्त संसदेचा अधिकार

१७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. पण शिक्षा किती आणि ती कोणी ठरवायची? याचे उत्तर ३५ व्या कलमात आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जे गुन्हे सांगितले आहेत, त्यांच्या शिक्षेचा कायदा संसदेनेच करावा. राज्याच्या विधिमंडळाला तो अधिकार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

असे का केले असेल? विचार करा. प्रत्येक प्रांताने आपापला कायदा केला असता, तर जिथे जातीचा जोर अधिक तिथे शिक्षा कमी झाली असती. विहिरीवर पाणी भरू न देण्याचा गुन्हा एका प्रांतात मोठा आणि शेजारच्या प्रांतात क्षुल्लक ठरला असता. देशभर एकच कायदा असावा म्हणून ही तरतूद आहे.

या अधिकारातून संसदेने अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १९५५ केला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. तेवढ्याने भागेना, म्हणून १९८९ साली अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार प्रतिबंधाचा कायदा संसदेने केला. आपण ज्याला ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतो तो हाच. फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवायची आणि पोलीस राज्याचे. पण ते ज्या कायद्याने बांधलेले आहेत तो संसदेचा. ‘इथे तो कायदा चालत नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला हे सांगता आले पाहिजे.

एका शब्दासाठी चौतीस वर्षे

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. तो प्रत्येक नवदीक्षित घराशी थेट जोडलेला आहे.

अनुसूचित जाती कोणत्या, हे ३४१ व्या कलमाप्रमाणे ठरते. पहिली यादी राष्ट्रपतींनी राज्यपालांचा सल्ला घेऊन काढावयाची. पण एकदा यादी निघाली की तिच्यात भर घालण्याचा किंवा तिच्यातून वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. तो कायदा करूनच वापरावा लागतो. राष्ट्रपतींनासुद्धा दुसरी अधिसूचना काढून ती यादी बदलता येत नाही. मग राज्य सरकारची गोष्टच सोडा. बिहार सरकारने २०१५ साली एका जातीला स्वतःच्या ठरावाने अनुसूचित जातीचा लाभ दिला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला, कारण राज्याला तो अधिकारच नव्हता.

राष्ट्रपतींनी १९५० साली जो आदेश काढला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट होती. हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असा तिचा आशय होता. पंजाबकडील काही शीख जातींपुरता त्यात अपवाद होता. १९५६ साली संसदेने कायदा करून तिथे ‘शीख’ हा शब्द घातला.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दीक्षा घेतलेल्या माणसांची वस्ती तीच राहिली, मजुरी तीच राहिली, गावाची वागणूकही तीच राहिली. पण त्या आदेशाच्या अक्षराप्रमाणे ती माणसे अनुसूचित जातीतून बाहेर पडली. केंद्राच्या नोकरीतील राखीव जागा गेल्या. राखीव मतदारसंघातून उभे राहण्याचा हक्क गेला.

हे नुसते कागदावर राहिले नाही. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून मेश्राम हे महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे या कारणावरून त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती निवड टिकली नाही. न्यायालयाने आदेशाचा अर्थ लावला. त्यात नवा शब्द घालणे हे न्यायालयाचे काम नव्हते. तो अधिकार एकट्या संसदेचा होता.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या हातातील सवलती चालू केल्या. राज्याच्या नोकऱ्या व शिक्षण यांत त्याचा मोठा आधार झाला. पण राज्याचा हात तिथपर्यंतच पोहोचतो. केंद्राची नोकरी आणि लोकसभा-विधानसभेची राखीव जागा राज्याच्या ठरावाने मिळत नाही. मुंबईच्या मंत्रालयाला जे शक्य होते ते झाले. बाकीचे दिल्लीतच व्हायचे होते.

समाज गप्प बसला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. त्यानंतर निवेदने, मोर्चे, धरणे चालूच राहिले. अखेर १९९० साली संसदेने दुरुस्तीचा कायदा केला आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द आला.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हा शब्द घालण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नव्हती. दोन तृतीयांश मते लागत नव्हती. साध्या बहुमताचा साधा कायदा पुरेसा होता, आणि शीख बांधवांसाठी तो १९५६ साली झालाही होता. म्हणजे संसदेजवळ अधिकार पहिल्या दिवसापासून होता. इच्छा मात्र चौतीस वर्षांनी झाली. दरम्यान एक संपूर्ण पिढी केंद्राच्या नोकरीचे वय ओलांडून गेली. अधिकार असणे आणि तो वापरला जाणे यांत किती अंतर पडू शकते, ते इथे कळते.

दाखल्यावर जात कशाला?

अनेक नवदीक्षित बंधू विचारतात, ‘जात सोडली, मग दाखल्यावर ती पुन्हा का लिहायची?’ हा प्रश्न मनाला टोचतो हे खरे आहे. पण कायदा असा आहे की यादीत जातींची नावे आहेत, धर्मांची नाहीत. नुसते ‘बौद्ध’ लिहिले तर ते नाव यादीत सापडत नाही. म्हणून दाखल्यात धर्म बौद्ध, आणि पूर्वाश्रमीची जात यादीतील, असे दोन्ही यावे लागते. तुम्ही ती जात मानता असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या घराण्यावर पिढ्यानपिढ्या कोणत्या नावाने अन्याय झाला, याची ती सरकारी नोंद आहे. धर्माच्या रकान्यात मात्र निःसंकोच ‘बौद्ध’ लिहा.

जनगणनेतही हेच. जनगणना संघसूचीतील विषय आहे आणि १९४८ च्या कायद्याने ती होते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांतले ६५ लाखांवर महाराष्ट्रात होते. गणक घरी आला की त्याने धर्माच्या रकान्यात काय लिहिले ते विचारून घ्या. सवलती जातील या भीतीने काहीजण अजून ‘हिंदू’ सांगतात. १९९० च्या कायद्यानंतर या भीतीला आधार उरलेला नाही.

बोधगयेचा प्रश्न कोणाकडे?

महाबोधी महाविहाराचा कारभार बोधगया मंदिर अधिनियम १९४९ प्रमाणे चालतो. हा कायदा बिहारच्या विधिमंडळाचा आहे. व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी, अशी त्याची रचना आहे. पूर्वी तर अध्यक्ष हिंदूच असावा अशी अट होती. २०१३ साली बिहारने ती काढली. २०२५ साली भिक्खूंनी व उपासकांनी बोधगयेत दीर्घ धरणे धरून हा कायदाच रद्द करण्याची मागणी केली.

आता शिकलेल्या पाठाचा उपयोग करा. धार्मिक संस्था हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणून बिहारचे विधिमंडळ हा कायदा बदलू शकते, आणि संसदही या विषयावर कायदा करू शकते. संसदेने केला तर विरोधाच्या मुद्द्यावर तोच टिकेल. म्हणजे इथे दारे दोन आहेत. ‘हे आमच्या हातात नाही’ असे एका दारातून सांगितले गेले, तर दुसरे दार कोणते ते आपल्याला ठाऊक असावे.

तिजोरी आणि सरकारवर अंकुश

कायद्याखेरीज कर बसवता येत नाही, असे २६५ वे कलम सांगते. संसदेच्या मंजुरीवाचून केंद्राच्या तिजोरीतून पैसा काढता येत नाही. तुमच्या मुलाच्या भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची रक्कमसुद्धा अंदाजपत्रकातून मंजूर होऊन येते. पैशाच्या बाबतीत लोकसभेचा शब्द मोठा. धनविधेयक राज्यसभा फक्त १४ दिवस ठेवू शकते.

मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार विश्वासाच्या ठरावावर २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. एक मत म्हणजे काय, हे मुलांना सांगताना हा दाखला द्यावा.

घटना बदलण्याचा अधिकार आणि त्याची मर्यादा

३६८ व्या कलमाने संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार दिला आहे. त्यासाठी प्रत्येक सभागृहाच्या एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत लागते. काही कलमांना निम्म्या राज्यांची संमतीही लागते.

या अधिकाराचा आपल्याला लाभ झालेला आहे. १९५१ साली मद्रासच्या शिक्षणातील जातवार राखीव जागा न्यायालयाने रद्द केल्या. तेव्हा संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून १५ व्या कलमात चौथे पोटकलम घातले आणि मागास वर्गांसाठी खास तरतुदीचा मार्ग मोकळा केला. बाबासाहेब त्या वेळी कायदेमंत्री होते.

‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’ असे तुम्ही अनेकदा ऐकले असेल. ३३४ व्या कलमातील मुदत लोकसभा व विधानसभा यांतील राखीव जागांपुरती आहे. संसद ती वेळोवेळी घटनादुरुस्तीने वाढवत आली. २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने ती २०३० च्या जानेवारीपर्यंत आहे. नोकरी व शिक्षण यांतील राखीव जागांना घटनेत अशी मुदत कुठेही घातलेली नाही. हा फरक पाठ करून ठेवा. कोणी टोमणा मारला तर रागावू नका, कलम सांगा.

पण संसद घटनेत वाटेल ते बदलू शकते का? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी निकाल दिला. सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरले की, संसद दुरुस्ती करू शकते, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने संसदेने स्वतःच लिहून घेतले की आमच्या या अधिकाराला मर्यादा नाही. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते रद्द झाले. न्यायालयाचा आशय असा की, मर्यादित अधिकार मिळालेल्याला तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करून घेता येत नाही. आपण आरंभी जे म्हटले तेच हे आहे: अधिकार दिलेला असतो.

अधिकार वापरून घ्यावा लागतो

हिंदू कोड बिल मंजूर करण्याचा अधिकार संसदेला होता. तरीही ते रखडले आणि बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५–५६ मध्ये त्याचेच तुकडे करून चार कायदे झाले.

दुसरा दाखला अलीकडचा. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची आणि अटकेआधी परवानगीची वाट निघाली. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून कलम १८-अ घातले आणि या दोन्ही अटी काढून टाकल्या. २०२० साली न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. १९५६ ते १९९० ला चौतीस वर्षे लागली. २०१८ ला पाच महिनेही लागले नाहीत. संसदेचा अधिकार दोन्ही वेळी सारखाच होता. या वेळी समाजाला मागणी काय करायची आणि कोणाकडे करायची हे नेमके ठाऊक होते, आणि तो एकाच वेळी उठला.

म्हणून आपल्या लोकसभा सभासदाला पत्र लिहायला शिका. मागणी कोणत्या कलमाखाली आहे ते त्यात लिहा. गावच्या बुद्धविहारात घटनेची एक मराठी प्रत ठेवा, आणि पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक कलम वाचा.

घरी सर्वांनी मिळून सोडवायचे प्रश्न

१. अस्पृश्यतेच्या गुन्ह्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार राज्याला का दिला नाही?

२. अनुसूचित जातींच्या यादीत बदल कोण करू शकतो? कोणत्या कलमाने?

३. १९६० ते १९९० या काळात महाराष्ट्रातील बौद्धांना काय मिळत होते आणि काय मिळत नव्हते?

४. बोधगया मंदिर कायदा बदलण्याची मागणी कोणत्या दोन सभागृहांकडे करता येईल?

५. आपल्या गावातील एक अडचण निवडा. ती कोणत्या सूचीत येते ते शोधा आणि अर्ज कोणाकडे करायचा ते ठरवा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नका. अर्ज लिहा, त्यावर घरातील व वस्तीतील सर्वांच्या सह्या घ्या, आणि योग्य त्या दारी नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!